जपानी ताटातले वांगे

आमच्या धरणगावात कोणी प्रवासाहून आले की पहिला प्रश्न 'काय पाहिले?' आणि दुसरा 'जेवणाचे कसे झाले?' मागच्या दिवाळीच्या सुट्टीत मी आठ दिवस मुंबईस राहून आलो. राणीची बाग पाहिली, चौपाटी पाहिली. पण मुद्दाम लिहावे असे काही असेल, तर ते दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात आहे.

मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात २००४ साली 'वसाबी' हे जपानी भोजनगृह निघाले. त्याची पायरी चढणे आमच्या खिशाला झेपणारे नव्हे. पण आता मुंबईत लहानसहान जपानी भोजनगृहेही आहेत. माझ्या मावसभावाला नुकतीच नोकरी लागली होती. "चल, तुला जपान दाखवतो," असे म्हणून दादा मला अशाच एका ठिकाणी घेऊन गेला.

टेबलावर ताट नव्हते, चमचा नव्हता. होत्या दोन काड्या! त्या पाहून माझ्या पोटात गोळाच आला. त्याला कारण होते. शहरातल्या एका लग्नात सगळे चमच्याने जेवत असता मी हाताने वरणभात कालवला, तेव्हा शेजारचा हसून म्हणाला होता, "खेड्यातून आलास वाटते?" तेव्हापासून परक्या जागी जेवताना माझे लक्ष अन्नापेक्षा स्वतःच्या बोटांकडेच असते.

दादाने ते ओळखले असावे. म्हणाला, "अरे, सुशी हाताने खाल्ली तरी चालते. जपानातही खातात." मला वाटले, समजूत घालतो आहे. गावी परतल्यावर ग्रंथालयात शोधले, तर ते अगदी खरे निघाले. आज जगभर मिरवणारी ही सुशी एकोणिसाव्या शतकात एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, गाडीवर उभ्या उभ्या खाण्याचा पदार्थ होती. थोडक्यात, तिथला वडापावच!

आमच्या घरी माळ आहे. त्यामुळे प्रत्येक पदार्थ विचारून मागवावा लागला. जपानी रशाचा पाया म्हणजे 'दाशी'. तो बहुधा कोंबू नावाचे समुद्रशैवाल आणि सुकवलेल्या माशाचा कीस यांपासून करतात. म्हणून वरून निव्वळ भाजीचे दिसणारे सूपही शाकाहारी असेलच असे नाही. याच कोंबूच्या रशावरून किकुनाए इकेदा या रसायनशास्त्रज्ञाने १९०८ साली 'उमामी' ही निराळी चव दाखवून दिली. आपल्या षड्रसांत ती नाही.

आम्ही काकडीची सुशी घेतली, तीही हाताने. सोबत वसाबी होती. आपली मिरची जीभ जाळते. ही मात्र थेट नाकात चढते आणि क्षणात उतरते.

मग आले 'याकिनासु'. अख्खे वांगे विस्तवावर भाजायचे, साल काढायची, वर किसलेले आले आणि सोया सॉस. माशाचा कीस आम्ही वगळायला सांगितला होता. पहिला घास घेतला आणि तो धुराचा वास ओळखीचा निघाला! पऱ्हाटीच्या जाळावर वांगी भाजताना आमच्या अंगणात पसरतो, तोच. फरक एवढाच की आपण वांगे ठेचून त्यात मिरची, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे अशी सारी वरात घालतो. जपान्यांनी त्याला एकटे सोडले आहे.

घरी आल्यावर आईला सारे सांगितले. बिलाचा आकडा तेवढा गाळला. ती शांतपणे म्हणाली, "मंग ते भरीतज शे ना!"

जपानी आहारपरंपरेला 'युनेस्को'ने २०१३ साली अमूर्त सांस्कृतिक वारशाचा मान दिला. जळगावच्या भरिताच्या वांग्यालाही भौगोलिक मानांकन मिळाले आहे. पण आईला यातले कोणतेच प्रमाणपत्र लागले नाही.

मित्रहो, उद्या आपल्यातले पुष्कळ जण पुण्या-मुंबईस जातील, परक्या टेबलांवर बसतील. काड्या धरायला जरूर शिकावे. मीही शिकतो आहे. माहीत नसेल ते बेलाशक विचारावे. पण हाताची लाज धरू नये. ज्या हातांनी कापूस वेचून आपली फी भरली, त्यांना कोणत्याही टेबलावर मानाने बसण्याचा हक्क आहे.