राखीव अर्धा तास

यवतमाळजवळच्या भारी गावच्या धावपट्टीलगतच्या रानात कापसाची वेचणी चालली होती. विद्यार्थ्याला घेऊन मी नागपूरहून सेसना 152 विमानानं इथे आलो होतो. त्याला परतायची घाई. इंधनाच्या गेजचा काटा अर्ध्याच्या वर होता. म्हटलं, "काटा राहू दे. पंखाकडे चल."

152 च्या पंखांतल्या टाक्यांत 98 लिटर इंधन मावतं, वापरता येतं 93. पण दोन धडधाकट माणसं बसली की वजनापायी टाक्या गच्च भरता येत नाहीत. आम्ही 55 घेतलं होतं. हिशोबानं 34 उरायला हवं होतं. डिपस्टिकची ओल 28 वरच थांबली. ढग टाळण्यात दहा मिनिटं जास्त गेली होती, आणि वर गेल्यावर मिक्स्चर लीन करायचं, म्हणजे मिश्रणातलं इंधन कमी करायचं, राहिलं होतं. त्यावर लक्ष ठेवणं माझं काम होतं.

खप तासाला साधारण 23 लिटर. नागपूर हवाई मार्गानं सव्वाशे किलोमीटर; टॅक्सी आणि चढण धरून 21 लिटर. पोचलो असतो. पण दिवसा उतरताना टाकीत किमान 30 मिनिटांचं इंधन शिल्लक लागतं, म्हणजे साडेअकरा लिटर.

"सर, सात उरतंय की!"

मी त्याला 15 नोव्हेंबर 1993 ची गोष्ट सांगितली. धुरकट हवेत हैदराबादला उतरता न आलेलं इंडियन एअरलाइन्सचं ए-300 मद्रासकडे परत वळलं. उतरण्यासाठी काढलेले पंखांचे फ्लॅप आत जाईनात. वेग घटला, खप वाढला. शेवटी तिरुपतीजवळ भातशेतात उतरवावं लागलं. सुदैवानं सगळे वाचले. वाटेतलं अंतर वाढलं नव्हतं, मिनिटं वाढली होती. इंधन भरतात लिटरनं, पण ते सरतं मिनिटांनी.

माझी आजी पेरणीची ज्वारी वेगळ्या कणगीत ठेवायची. घरात पीठ संपलं तरी त्या कणगीला हात लागत नसे. राखीव इंधन म्हणजे तेच बियाणं. ते आपल्या भुकेसाठी नसतं.

इंधन नागपूरहून जीपनं आलं, तोवर संध्याकाळ झाली. 1932 साली जेआरडी टाटांच्या पहिल्या टपाल विमानासाठी अहमदाबादला पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आले होते, आणि तेही थांबले होते. आम्ही एव्हगॅसचा निळा रंग पाहून, गाळून टाकीत ओतलं आणि मुक्काम केला.

सकाळी नागपूरला उतरल्यावर मी काही म्हणायच्या आत तो डिपस्टिक घेऊन पंखाशी गेला. ओली खूण नीट पाहून म्हणाला, "सर, बियाणं शाबूत आहे."