मुलुंडचा गुत्ता

गुत्ता हा शब्द वर्गात उच्चारला की मागच्या बाकांवर खसखस पिकते. वास्तविक गुत्ता म्हणजे मक्ता. मराठवाड्यात कंत्राटदाराला गुत्तेदारच म्हणतात. दारूविक्रीचा मक्ता तो गुत्ता, आणि पुढे ते नाव दुकानालाच चिकटले.

मुलुंडला गव्हाणपाड्याच्या बाजूला एका वृद्ध भंडारी गृहस्थांनी मला अशी एक जागा दाखविली. आता तिथे चांगली सहा मजली इमारत आहे.

"इथं ताडीचा गुत्ता होता, मास्तर. माझा आजा ताडावर चढायचा."

"आणि मालक कोण?"

ते हसले. "मालक कसला? लिलावात दुसऱ्यानं जास्त बोली लावली की शेठ बदलायचा!"

खरेच आहे. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याखाली ताड छेदायला परवाना लागे, झाडागणिक कर पडे आणि विक्रीचा हक्क सरकार मक्त्याने देई. या धंद्यात पारशी पुष्कळ. दारूवाला, पिठावाला, ताडीवाला ही आडनावे त्यातलीच. पहाटे मडके उतरविणारा भंडारी मात्र आपल्याच बांधावरच्या ताडाखाली परवाना दाखवीत उभा! (मालकीचा याहून विनोदी प्रकार मी तरी ऐकलेला नाही.)

१९५० साली मुंबई राज्यात संपूर्ण दारूबंदी आली; १९५७ साली मुलुंड बृहन्मुंबईत आले.

"आजोबांनी मग काय केले?"

"मिठागरावर गेला. मी तेव्हा सात-आठ वर्षांचा. मडकी घरातच पडून होती. आजी त्यांत मीठ भरून ठेवायची."