वहीतली फुली

दर ऑगस्टमध्ये मी ग्रीन बे पॅकर्सच्या वाइड रिसीव्हरांची, म्हणजे कडेने धावत जाऊन लांबचे पास झेलणाऱ्यांची, यादी वहीत करतो. अमेरिकन फुटबॉलचं हे वेड जुनं. २०२२ साली मात्र हात अडखळला. आदल्या हंगामात १२३ पास झेलणारा डावांटे ॲडम्स रेडर्सकडे गेला होता. नवख्यांपैकी ख्रिश्चन वॉटसन वेगवान, पण गुडघ्याच्या शस्त्रक्रियेमुळे त्याचा बराच सराव बुडालेला.

मिनेसोटाविरुद्धचा पहिला सामना मी रात्री दोन वाजता मोबाइलवर पाहिला. ॲरन रॉजर्सचा पहिलाच लांब पास वॉटसनच्या हातात पडला. पुढे मैदान मोकळं. चेंडू निसटला. मी त्याच्या नावापुढे फुली मारली.

नोव्हेंबरात डॅलसविरुद्ध त्यानंच रॉजर्सचे तीन टचडाउन पास झेलले. पॅकर्स जिंकले. रॉजर्सनं पुन्हा चेंडू टाकला, म्हणून त्याला झेलता आला.

मी शिक्षक आहे. एका जूनमध्ये एका मुलाला पहिल्या दिवशी धडा वाचता आला नाही. वर्षभर मी त्याला पुन्हा वाचायला उठवलंच नाही. ती फुली कुठल्याच वहीत नाही, पण मला दिसते.