वहीला स्वतःचा पत्ता

यवतमाळ जिल्ह्यात लिहिणारे किती आहेत, हे केवळ छापील पुस्तकांच्या यादीवरून मोजू गेल्यास गणती फार अपुरी राहील. दारव्हा, दिग्रस, पुसद, वणी, पांढरकवडा अशा गावांत दुकानाचा रोजमेळ जुळवून झाल्यावर कविता लिहिणारे व्यापारी आहेत, शाळेच्या आठवणी लिहून काढणारे निवृत्त शिक्षक आहेत आणि चातुर्मासातील प्रवचनांची टिपणे घेता घेता स्वतःचे चिंतन मांडू लागलेल्या गृहिणीही आहेत. यांतील बहुतेकांचे लेखन जुन्या दैनंदिनीत, मुलांच्या अर्ध्या कोऱ्या राहिलेल्या वह्यांत किंवा हिशेबाच्या चोपडीच्या मागच्या पानांवर असते. एखादी रचना समाजाच्या स्मरणिकेत छापली जाते, एखादी महावीर जयंतीच्या कार्यक्रमात वाचली जाते. बाकीचे लेखन कपाटात राहते. दिवाळीच्या साफसफाईत ते रद्दीच्या तराजूवर चढले, तर त्याची नोंद कोठेही उरत नाही.

अशा घरांतील पुण्याला किंवा बंगळुरूला नोकरी करणारी मुले सुटीत आली की म्हणतात, "आई, तुझ्या नावाचे संकेतस्थळ काढून देतो, सगळे त्यावर टाकू." आई संकोचते. जिच्या नावावर एकही पुस्तक नाही, तिने आपल्या नावाची पाटी जगाच्या रस्त्यावर लावावी का, हा तिचा प्रश्न असतो. मुलाला तो प्रश्नच वाटत नाही, कारण त्याच्या दृष्टीने ते एका दुपारचे काम आहे. वस्तुतः आईचा संकोच आणि मुलाचा उत्साह या दोहोंतही तथ्य आहे, म्हणून हा विषय थोडा उलगडून पाहिला पाहिजे.

संकोचाचे मूळ बहुधा संस्कारात असते. क्रोध, मान, माया आणि लोभ या चार कषायांपैकी मान हा लेखकाच्या अगदी जवळ वावरणारा. स्वतःच्या नावाने स्थळ उभारणे म्हणजे मानाला आमंत्रण, असे साध्या श्रावकाला वाटणे स्वाभाविक आहे. परंतु याच परंपरेने एकेकाळी लेखनाबाबतही असाच संकोच बाळगला होता, याचे विस्मरण होऊ नये. भगवंतांची वाणी कंठस्थ असावी, ग्रंथ जवळ बाळगणे हाही साधूसाठी परिग्रहच, अशी प्राचीन धारणा होती. पुढे स्मरणशक्ती क्षीण होऊ लागली, दुष्काळांनी श्रुतधरांची साखळी तुटू लागली, तेव्हा त्या धारणेला वाट काढून द्यावी लागली. श्वेतांबर परंपरेत देवर्धिगणी क्षमाश्रमणांच्या नेतृत्वाखाली वल्लभी येथे आगम लिपिबद्ध झाले. दिगंबर परंपरेत गिरनारच्या चंद्रगुफेत वास्तव्य करणाऱ्या धरसेनाचार्यांनी पुष्पदंत आणि भूतबली या दोन मुनींना आपले ज्ञान दिले आणि त्यांनी षट्खंडागम ग्रंथरूपात आणला. त्याच्या पूर्ततेचा दिवस आजही ज्येष्ठ शुद्ध पंचमीला श्रुतपंचमी म्हणून साजरा होतो. साधन नवे म्हणून ते त्याज्य ठरले नाही. ते कशासाठी वापरावयाचे, याचा विचार मात्र आधी झाला.

तथापि लिहून ठेवल्याने काम संपत नाही, हेही त्याच ग्रंथाच्या पुढील इतिहासातून कळते. षट्खंडागमावरील वीरसेनाचार्यांची धवला टीका नवव्या शतकातील. तिच्या जुन्या कन्नड लिपीतील ताडपत्रीय प्रती कर्नाटकात मूडबिद्री येथे शतकानुशतके जतन झाल्या. यात्रेकरू त्यांचे दर्शन घेत, त्यांच्यापुढे मस्तक टेकवत, पण त्या वाचणारा दुर्मिळ होता. विसाव्या शतकात त्यांच्या नकला बाहेर आल्या आणि डॉ. हिरालाल जैन यांनी संपादनाचे काम हाती घेतले. ते तेव्हा अमरावतीच्या किंग एडवर्ड महाविद्यालयात अध्यापन करीत होते. पहिला खंड १९३९ मध्ये अमरावतीहून प्रसिद्ध झाला आणि पुढील सुमारे वीस वर्षांत सोळा खंड पूर्ण झाले. म्हणजे यवतमाळच्या शेजारच्या शहरात बसून एका अध्यापकाने हजार वर्षांहून अधिक काळ जवळजवळ अप्रकाशित राहिलेल्या ग्रंथाला वाचक मिळवून दिला.

कारंजा तर त्याहूनही निकट. यवतमाळहून मूर्तिजापूरला जाणारी, आता बंद पडलेली शकुंतला रेल्वे दारव्ह्यावरून कारंजाला जात असे. तेथील मंदिरांच्या ग्रंथभांडारांत भट्टारकांनी आणि श्रावकांनी पोथ्यांचा मोठा संग्रह राखला होता. दहाव्या शतकातील अपभ्रंश कवी पुष्पदंत यांचे 'जसहरचरिउ' १९३१ मध्ये आणि 'णायकुमारचरिउ' १९३३ मध्ये कारंजाच्याच ग्रंथमालेतून छापून आले. स्वतः यवतमाळात वकिली करणारे य. खु. देशपांडे यांनी शारदाश्रम उभारून जुन्या हस्तलिखितांचा संग्रह केला आणि महानुभाव वाङ्मयाचा अभ्यास केला. ते वाङ्मयही सांकेतिक लिपीच्या पडद्याआड अनेक शतके बाहेरच्यांना अज्ञात होते. लेखन टिकणे वेगळे आणि लेखन पोहोचणे वेगळे, हे वऱ्हाडच्या या मातीने फार जवळून पाहिले आहे.

संकेतस्थळाची स्थिती भांडाराच्या नेमकी उलट असते. भांडाराला कुलूप होते, पण राखणदारही होता. संकेतस्थळाचे दार चोवीस तास उघडे असते, मात्र राखणदार नसला तर ते कधी नाहीसे होईल याचा नेम नसतो. स्थळाचा पत्ता कायमचा विकत मिळत नाही. ठरावीक मुदतीने त्याचे शुल्क भरून नूतनीकरण करावे लागते. ज्या मुलाने हौसेने ते काढून दिले, त्याची नोकरी बदलली, त्याचा ईमेल बदलला, शुल्काची सूचना कोणाच्या नजरेस पडली नाही, की आईच्या वीस वर्षांच्या कविता एका सकाळी दिसेनाशा होतात. फुकट जागेचा भरवसा त्याहूनही कमी. याहू कंपनीची जिओसिटीज ही सेवा एकेकाळी जगभरातील असंख्य हौशी लेखकांचे घर होती. २००९ मध्ये कंपनीने ती गुंडाळली. इंटरनेट आर्काइव्हसारख्या संस्थांनी आणि काही स्वयंसेवकांनी जे वेचले, तेवढे वाचले. पूर्वीचे लहिये पोथीच्या शेवटी तेलापासून, पाण्यापासून आणि सैल बांधणीपासून ग्रंथाला जपा, अशी विनवणी करीत. आजच्या लहियाने शुल्काची तारीख आणि पासवर्ड जपण्याची विनवणी करावयास हवी.

मराठीपुरता आणखी एक धोका आहे. अनेकांनी आपले लेखन गावातील डीटीपी केंद्रात टंकित करून घेतलेले असते. ते जुन्या फाँटमध्ये असेल, तर दुसऱ्या संगणकावर उघडताच अक्षरांऐवजी निरर्थक चिन्हे दिसतात. ते युनिकोडमध्ये रूपांतरित करून, ओळीओळीने तपासूनच स्थळावर ठेवले पाहिजे. हस्ताक्षराची छायाचित्रे आठवण म्हणून सुंदर दिसतात, पण त्यांतील शब्द शोधयंत्राला सहसा सापडत नाहीत. सकळ लिपी निदान हेतुपुरस्सर गुप्त होती. आपले लेखन अजाणतेपणी गुप्त राहू नये.

मग संकेतस्थळाचा लाभ कोणता? पहिला लाभ नावाचा. आज चांगली कविता व्हॉट्सॲपवर एका दिवसात शेकडो गटांतून फिरते आणि संध्याकाळपर्यंत तिच्याखालचे नाव गळून पडते. काही वेळा तेथे कोण्या थोर साहित्यिकाचे नाव येऊन बसते. ज्याचे पुस्तक नाही, त्याला ती रचना आपलीच आहे हे दाखविण्यास वहीखेरीज काही नसते. स्वतःच्या स्थळावर तारखेसह प्रसिद्ध केलेली रचना हा त्याचा एक उघड पुरावा होतो. भारतीय कायद्यात प्रताधिकार लेखन होताच निर्माण होतो, नोंदणी सक्तीची नाही आणि लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे तो टिकतो. हक्क मिळतो तो लेखनानेच. ते लेखन आपले असल्याचे चारचौघांत दाखविण्यास मात्र स्थळ साह्य करते.

दुसरा लाभ खर्चाचा. प्रकाशक सापडत नाही म्हणून स्वखर्चाने पुस्तक काढणारे कमी नाहीत. प्रकाशन समारंभ होतो, शाल-श्रीफळ होते, पाहुण्यांना एकेक प्रत दिली जाते आणि उरलेले गठ्ठे दिवाणाखाली जातात. पुढील कित्येक लग्नांत ते अहेरासोबत वाटले जातात. त्यापेक्षा अल्प खर्चात पंधरा-वीस रचना दूरच्या वाचकापुढे ठेवता येत असतील, तर त्यात गैर काय?

परंतु येथे सावधपणाही हवा. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यातील व्याख्येप्रमाणे लेखन लोकांना उपलब्ध करून देणे हेच प्रकाशन, मग ते प्रती काढून असो वा अन्य मार्गाने लोकांपर्यंत पोहोचवून असो. म्हणजे स्वतःच्या स्थळावर ठेवलेली कथा अप्रकाशित राहत नाही. दिवाळी अंकांचे आणि स्पर्धांचे संयोजक पुष्कळदा पूर्वप्रसिद्ध नसलेलेच साहित्य मागवितात. ज्या लेखकाने उत्साहाच्या भरात सर्व कथा स्थळावर ओतल्या, त्याने ती दारे स्वतःच लोटून घेतली, असे होऊ शकते. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकासाठी अनुदान योजना आहे. जो पहिल्या पुस्तकाची वाट पाहत आहे, त्याने नियम वाचून मगच काय उघड करावे आणि काय राखून ठेवावे, हे ठरविणे हिताचे.

आणि एक गोष्ट कोणतेही स्थळ देऊ शकत नाही. ती म्हणजे पारख. बहिणाबाई चौधरी यांच्या ओव्या त्यांच्या हयातीत पुस्तकरूपाने आल्या नाहीत. त्या स्वतः निरक्षर होत्या. घरच्यांनी त्यांची गाणी टिपून ठेवली. १९५१ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर पुत्र सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्रे यांना दाखविली आणि १९५२ मध्ये 'बहिणाबाईंची गाणी' महाराष्ट्रापुढे आली. तेथे टिपणारा होता, जपणारा होता आणि वाचताक्षणी मोल ओळखणारा जाणकारही होता. संकेतस्थळ पहिल्या दोघांचे काम काही अंशी करील. तिसऱ्याचे काम ते करू शकत नाही. स्थळावर किती जण येऊन गेले याचा आकडा दिसतो, पण कोणती ओळ सैल पडली हे तो आकडा सांगत नाही. त्यासाठी गावातील ग्रंथालयात, साहित्य संघाच्या शाखेत किंवा स्वाध्याय मंडळात चार माणसांपुढे वाचन करावे लागते आणि "हे कडवे काढून टाका" असे ऐकून घ्यावे लागते. मानाची खरी परीक्षाही तेथेच होते.

म्हणून आईच्या प्रश्नाचे उत्तर असे देता येईल: संकेतस्थळ अवश्य करावे, पण ते प्रसिद्धीचा चौथरा न समजता घरचे लहानसे ज्ञानभांडार समजून करावे. अपरिग्रहाचे तत्त्व येथेही उपयोगी पडते. वहीतील दोनशे कवितांपैकी वीस निवडाव्यात. त्या कोणा जाणत्याकडून तपासून घ्याव्यात. जुन्या पोथीच्या प्रशस्तीत लेखनाचा काळ, स्थळ, लिहून घेणाऱ्याचे आणि लहियाचे नाव असे, तशीच नोंद प्रत्येक रचनेखाली असावी. घरातील सून, जावई, शेजारी यांच्याविषयी लिहिले असेल तर त्यांना विचारल्याविना ते उघड करू नये, कारण शब्दानेही हिंसा घडते. मूळ वही नीट बांधून कपाटात राहू द्यावी आणि तिची एक छापील प्रत दुसऱ्या घरी ठेवावी. शेवटी, आपल्यानंतर हे स्थळ कोण सांभाळील, शुल्क कोण भरील, हे घरात एकदा स्पष्ट बोलून ठेवावे. मुलाने स्थळ काढून दिले असेल, तर राखणदारीही त्याने पत्करली पाहिजे. तेवढी तयारी नसेल तर पाटी न लावलेली बरी.

यवतमाळने अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन दोनदा पाहिले. १९७३ मध्ये ग. दि. माडगूळकर अध्यक्ष होते आणि जानेवारी २०१९ मधील ब्याण्णवाव्या संमेलनाच्या अध्यक्ष अरुणा ढेरे होत्या. त्या दुसऱ्या संमेलनाचे उद्घाटन, निमंत्रणावरून उठलेल्या वादानंतर, याच जिल्ह्यातील आत्महत्याग्रस्त शेतकऱ्याच्या पत्नीने केले. तिच्या नावावर पुस्तक आहे का, हे त्या दिवशी मंडपात कोणी विचारले नाही. तिच्याजवळ सांगण्यासारखे होते आणि लोकांनी ते ऐकले. प्रत्येक वहीला असा मंडप लाभत नाही. तिला एक खरा पत्ता आणि तो जपणारे एक घर मात्र देता येते.