अच्छाबलचा झरा : अदृश्य कारणाचा शोध

जेथे पाणी, तेथे वस्ती. जेथे वस्ती, तेथे सत्ता. आणि सत्ता आली की पाण्यावर हक्क कोणाचा, हा प्रश्न आलाच. 20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीने प्राशन करून बाबासाहेबांनी हाच प्रश्न देशापुढे ठेवला. त्यामुळे कोठेही गेलो तरी आमची पावले आधी पाणवठ्याकडे वळतात. काश्मीरच्या प्रवासातही आम्ही सहकारी शिक्षक अनंतनागजवळचा अच्छाबलचा झरा पाहण्यास मुद्दाम गेलो.

डोंगराच्या पायथ्याशी पाणी इतक्या वेगाने उसळते की त्याला झरा म्हणावे की नदी, असा संभ्रम पडावा. 1665 मध्ये औरंगजेबाच्या लवाजम्याबरोबर काश्मीरला आलेल्या बर्निये या फ्रेंच वैद्यानेही हेच नोंदविले आहे. झऱ्याभोवतीची मोगल बाग नूरजहान व जहाँआरा यांच्या नावांशी जोडली जाते. बागेला राजघराण्यातील स्त्रियांची नावे मिळाली. परंतु तिला जगविणारे पाणी येते कोठून?

हा डोंगर चुनखडीचा आहे. आपल्याकडील काळा पाषाण पाण्यात विरघळत नाही. पावसाचे पाणी मात्र हवेतील व मातीतील कार्बन डायऑक्साइड शोषून किंचित आम्लधर्मी होते आणि चुनखडीच्या भेगा लक्षावधी वर्षे झिजवीत राहते. भेगांच्या नळ्या होतात, नळ्यांचे बोगदे होतात आणि डोंगराच्या पोटात नदी वाहू लागते.

अच्छाबलचे पाणी शेजारच्या खोऱ्यातील ब्रिंगी नदीचे असावे, असे तेथील लोक पूर्वापार मानीत आले. वांदेवलगाम या गावाजवळ ब्रिंगीचे पाणी जमिनीत मुरते. अफगाण अंमलातील सुभेदार जब्बार खान याने त्या ठिकाणी भुसा टाकविला आणि तो अच्छाबलच्या झऱ्यातून बाहेर आला, असे सांगतात. पुढे शास्त्रज्ञांनीही पाण्यातील खुणांचा माग काढून हा संबंध दाखवून दिला. आम्हाला या भुशाच्या कथेचे मोल बागेपेक्षा अधिक वाटते. झऱ्याला चमत्कार म्हणून हात जोडणे सोपे होते. येथे मात्र कोणीतरी 'पडताळून पाहू' असे म्हटले.

फेब्रुवारी 2022 मध्ये याच वांदेवलगामजवळ नदीच्या पात्रात मोठे विवर पडले आणि ब्रिंगीचा प्रवाह त्यात गडप झाला. खालचे पात्र कोरडे पडले, मासे तडफडून मेले. ही घटना अकस्मात दिसली; पण तिची तयारी जमिनीखाली युगानुयुगे चालली होती.

यातून एक गंभीर गोष्ट निष्पन्न होते. वाळूच्या थरांतून पाणी सावकाश झिरपते आणि गाळले जाते. चुनखडीच्या बोगद्यांतून ते वेगाने धावते. तेथे गाळणी नाही. वरच्या गावाने नदीत जे टाकले, ते खालच्या गावाच्या हंड्यात येऊ शकते. दोन गावांनी एकमेकांचे तोंड पाहिले नसेल. तरी त्यांचे आरोग्य एका अदृश्य वाटेने जोडलेले असते. शिवाशिवीच्या रेषा माणसाने जमिनीवर आखल्या. जमिनीखालच्या पाण्याने त्या कधीच मानल्या नाहीत.

या वसतिगृहातून बाहेर पडलेले अनेकजण आज ग्रामपंचायतींत, शाळांत व शासकीय सेवेत आहेत. पूर्वजांनी संघर्षाने मिळविलेला पाण्याचा हक्क आपल्या हाती आहे; त्याबरोबर पाण्याची जबाबदारीही आली. गावच्या विहिरीचे पाणी कोठून येते, वाटेत त्यात काय मिसळते, हे शोधावे व तपासून घ्यावे. कारण डोळ्यांना दिसत नाही म्हणून ते नसतेच, असे नाही. आणि ते दिसत नाही म्हणून त्याला दैव म्हणण्याचेही कारण नाही. मूठभर भुसा आणि एक प्रश्न, एवढ्यावरही शोधाचा आरंभ होतो.