दाखल्यावरचा वाढदिवस

आमच्या पिढीतल्या कितीतरी लोकांचा वाढदिवस १ जूनला असतो. पोराला शाळेत घालायला बाप गेला की मास्तर जन्मतारीख विचारायचे. बाप म्हणायचा, ‘लिहा तुमच्या हिशेबानं.’ मग मास्तर वयाचा अंदाज घेऊन १ जून टाकून मोकळे. माझ्या बायकोच्या दाखल्यावरही तीच तारीख आहे. तिच्या दोन्ही भावांच्या तारखा मात्र सासऱ्यांनी वहीत लिहून ठेवल्या होत्या. वाढदिवसाचा विषय निघाला की ती म्हणते, ‘तो मास्तरांचा वाढदिवस. माझा नव्हं.’

गेल्या उन्हाळ्यात आम्ही पुदुच्चेरीला गेलो. गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या धंद्यामुळं विटा आणि आसपासची माणसं देशभर पसरली आहेत. तिकडं दुकान असलेल्या माझ्या एका मित्रानं फार दिवसांपासून बोलावलं होतं. आम्ही तिथं असतानाच १ जून आला. मित्र म्हणाला, ‘आज भाभींना फ्रेंच हॉटेलात घेऊन जा. तुम्ही दोघंच जा.’

पुदुच्चेरीत १९५४ पर्यंत फ्रेंचांचा कारभार होता. समुद्राजवळच्या जुन्या वस्तीत पिवळ्या भिंती, बोगनवेल आणि रस्त्यांची फ्रेंच नावं अजून आहेत. तिथल्याच एका वाड्याच्या अंगणात आम्हाला टेबल मिळालं. मेणबत्ती लावलेली. लग्नाला बावीस वर्षं झाली, तरी समोरासमोर बसल्यावर काय बोलावं ते दोघांनाही सुचेना.

मेनूकार्डात ‘कॉक ओ व्हँ’ होतं, म्हणजे वाइनमध्ये शिजवलेला कोंबडा. पुढच्या दोन-तीन पदार्थांतही वाइन होती. बाकीच्यांत आहे की नाही हे कसं विचारावं, या विचारानं मला घाम फुटला. विचारलं तर शेजारच्या टेबलावरचे वळून बघतील, आपण कोण ते ओळखतील, असली भीती. अलीकडं ती मनात येतेच. बायकोनं माझ्याकडं बघितलं आणि तिच्या मोडक्या हिंदीत वेटरला सरळ विचारलं, ‘इसमें दारू है क्या? हम नहीं खाते.’ मग मला म्हणाली, ‘शुगरवाला माणूस चहात साखर हाय का विचारतोच की. त्यात लाजायचं काय?’

वेटर वयस्क तमिळ गृहस्थ होते. ते आत जाऊन आचाऱ्याला विचारून आले आणि लोणी-लिंबातला मासा व ‘रातातुई’ घ्या म्हणाले. कुणीही वळून बघितलं नाही.

रातातुई ही दक्षिण फ्रान्समधली भाजी. वांगी, टोमॅटो, ढोबळी मिरची, झुकिनी. तिनं एक घास घेतला. ‘वांगी कृष्णाकाठची असती तर अजून चांगली झाली असती,’ म्हणाली. पण संपवली सगळी.

फ्रेंच लोकही पूर्वी दस्तरखानासारखे सगळे पदार्थ एकदम मांडायचे. एकामागून एक वाढायची पद्धत तिथं एकोणिसाव्या शतकात रशियाकडून आली. ‘रेस्टॉरंट’ हा शब्दही आधी जागेचा नव्हता. अशक्त माणसाला ताकद यावी म्हणून द्यायच्या रश्श्याचं ते नाव. आमच्याकडं बाळंतिणीला पायाचा रस्सा देतात, तसाच प्रकार. तिला हे सांगितलं, तर म्हणाली, ‘बाळंतपणात तेवढं गरम मिळालं बघा. त्यानंतर आजच.’

ती हसत म्हणाली होती. मला मात्र पुढचा घास गिळवेना. घरी मी, मुलं, पाहुणे, सगळ्यांचं होईपर्यंत ती चुलीपाशी असते. आम्ही उठल्यावर उरलेलं, गार झालेलं ती एकटी खाते. तिला जेवताना मी नीट बघितलंच नव्हतं. मासा आला तेव्हा तिनं सवयीनं माझ्याकडं सरकवला. मी तो परत तिच्यापुढं ठेवला. काटे काढत, सावकाश ती जेवली. मी बघत राहिलो. ‘तुम्ही का थांबलाय? जेवा की,’ ती म्हणाली.

विट्यात परतल्यावर मी एक ठरवलं. शेवटची भाकरी तव्यावरनं उतरेपर्यंत दस्तरखान अंथरायचा नाही. पहिले चार दिवस ती चिडली. ‘भाकरी गार होत्यात,’ म्हणाली.

‘होऊ देत. दोघांच्याही होतील.’

माझ्या डायरीत १ जून लिहून ठेवला आहे. तारीख मास्तरांची असली, तरी.