कुणी कुणाचं करायचं

आमच्याकडे या कामाला नाव नव्हतं. नुसतं 'करणं'. 'धाकटीनं सासूचं फार केलं हो,' असं बायका हळदीकुंकवाला म्हणायच्या. केलं म्हणजे काय काय केलं, हे कुणी विचारायचं नाही. सगळ्यांना ठाऊक असायचं. आता त्याला ड्यूटी म्हणतात. बारा तासांची किंवा चोवीस तासांची. या ड्यूटीला बाई पाठवणारा ब्युरोवाला फोनवर पहिला प्रश्न विचारतो, "पेशंट चालता आहे की बेडरिडन?" आणि त्यावर दर ठरतो.

आजी वाईच्या घरात न्हाणीघरात घसरून पडली ते 1976 साल. मी दहा वर्षांचा. खुब्याचं हाड मोडलं होतं. गावच्या डॉक्टरांनी पायाला पट्ट्या गुंडाळून दोरी बांधली आणि दोरीच्या टोकाला दोन विटा. पलंगाच्या कठड्यावरून त्या विटा लोंबायच्या आणि आम्हा पोरांना त्यांना झोका द्यायचा मोह व्हायचा. विटा यथावकाश सुटल्या, पण आजी पुन्हा उभी राहिली नाही. पुढची सहा वर्षं तिचं सगळं अंथरुणात झालं, आणि ते आईनं केलं.

आंघोळीचा वार सोमवार आणि शुक्रवार. एरवी ओल्या पंचानं अंग पुसायचं. त्या दोन दिवशी बंबफोड आणून द्यायचं काम माझं. पाणी कढत झालं की बाबा आणि शेजारचे काका आजीला लाकडी खुर्चीसकट उचलून न्हाणीघरात नेऊन ठेवत आणि मान वळवून बाहेर येत. मग दाराला जुन्या लुगड्याचा पडदा. आतून घंगाळात विसण घातल्याचा आवाज, शिकेकाईचा वास, आणि आईचा एकच प्रश्न, "फार कढत नाही ना?" आजी उत्तर द्यायची नाही. कढत असतं तर बोलली असती.

आजीच्या खाली मेणकापड आणि त्यावर नऊवारी फाडून केलेले तुकडे. ते दिवसातून चार-पाच वेळा बदलायचे, धुवायचे, मागच्या अंगणात वाळत घालायचे. पावसाळ्यात ते वाळत नसत. वाईचा पाऊस एकदा धरला की आठ-आठ दिवस सोडत नाही. मग आई ते बंबाभोवती दोरी बांधून शेकून काढायची. अजूनही दमट सुती कापडाला धुराचा वास लागला, की मी त्या मागच्या पडवीत जाऊन उभा राहतो.

संध्याकाळी दिवा लागला की काशाची वाटी. आजीच्या तळपायाला तूप लावून आई ती गोल गोल फिरवायची. हळूहळू तळवा काळा पडायचा, आजीचे डोळे मिटायचे, आणि मी पलंगाच्या पायथ्याशी बसून पाढे म्हणायचो. इतका निवांतपणा मला पुढे कुठे मिळालेला नाही. पण तो निवांतपणा माझा होता हे कळायला मला पन्नाशी यावी लागली. वाटी फिरताना मला आठवते, वाटी धरलेला हात आठवतो. त्या वेळी वाकलेली पाठ मात्र आठवत नाही. आईची कंबर तेव्हाच धरली होती, असं ती आता सांगते.

आणखी एक. आजीनं सहा वर्षांत आईला कधी हाक मारली नाही. सासूनं सुनेपाशी मागायचं तरी कसं? उशाशी तांब्या-फुलपात्र असायचं. काही हवं असलं की ती फुलपात्र तांब्यावर आपटायची. ठण्ण. पाणी हवंय, कूस बदलायचीय की कापड बदलायचंय, हे आईनं आवाजावरून ओळखायचं. चुकलं तर पुन्हा ठण्ण. काकू दिवाळीला मुंबईहून आल्या की त्यांना त्यातलं काही समजायचं नाही, आणि त्याचा आईला थोडा अभिमान वाटायचा असं मला वाटतं.

आता पुणे, तिसरा मजला, लिफ्ट. आई 86 वर्षांची. तीही बाथरूममध्येच पडली, तेही खुब्याचंच हाड. पण विटा नाहीत. ऑपरेशन झालं आणि दुसऱ्या दिवशी तिला वॉकर धरून उभं केलं. मला वाटलं, जिंकलो. दीड वर्षानं पार्किन्सननं हात-पाय धरले आणि पलंग आलाच. फक्त तो आता खटका दाबला की डोक्याकडून वर उचलला जातो. त्यावर हवेची गादी. तिचे कप्पे आलटून पालटून फुगतात, म्हणजे पाठीच्या एकाच जागेवर भार राहत नाही. रात्रभर तो पंप घुरघुरत असतो.

चोवीस तासांच्या ताई मराठवाड्यातल्या आहेत. आईला आजी म्हणतात, मला काका. त्यांच्याकडून मी जे शिकलो ते आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. दर दोन तासांनी कूस बदलायची. जेवताना पाठ सरळ, आणि जेवल्यावर अर्धा तास आडवं करायचं नाही, नाहीतर अन्न श्वासनळीत जातं. माकडहाडाजवळ कातडी लाल दिसली तर ती चोळायची नाही. आजीची अशी जागा आई स्पिरिट लावून मायेनं चोळत असे. सगळेच तेव्हा तसं करत. त्या मायेनं जखम लवकर होत असेल, हे आईला मी अजून सांगितलेलं नाही.

ताईंची एक वही आहे. '7.00 चहा, 2 मारी. 8.30 शी झाली, थोडी. 10.00 आंघोळ, आजी खूश.' बहीण न्यू जर्सीत आहे. तिच्या आग्रहामुळे खोलीत कॅमेरा लागला. तिथे रात्र असते आणि ती फोन करते, "आईचा पाय पांघरुणाबाहेर आलाय." आम्ही शेजारच्या खोलीत असतो. आंघोळीनंतर कपडे बदलायच्या वेळी ताई न सांगता त्या कॅमेऱ्यावर पंचा टाकतात. आजीच्या वेळचा लुगड्याचा पडदा मला त्यातच दिसतो.

कुणी कुणाचं करायचं यावर आता कायदाही आहे. 2007 साली केंद्रानं आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा कायदा केला. त्यात अपत्य म्हणजे मुलगा, मुलगी, नातू, नात. सून नाही. वाचून मला हसू आलं. आमच्या घरात तर फक्त तीच होती. निर्वाहाची रक्कम महिन्याला जास्तीत जास्त 10,000 रुपये. तेवढ्यात पुण्यात चोवीस तासांची बाई येत नाही, पण ते असो.

माझ्या बायकोचे दोन्ही गुडघे बदललेले. तरी सुरुवातीला ती म्हणाली, मी करते आईंचं. आईच अडून बसली. "मी केलं तेवढं पुरे. या घरात पुन्हा नको." मला आधी ते सुनेवरचं प्रेम वाटलं. नंतर एकदा आई स्वतःच बोलली, "या ताईला पैसे देतो ना आपण? म्हणून हाक मारता येते. सासूबाईंना कुठे मारता येत होती?"

आणि खरंच मारते. "अगं ए, कुठे गेलीस? पाणी गार आहे!" तिसऱ्या मजल्यावरून खालच्या वॉचमनला ऐकू जाईल अशी हाक. आयुष्यभर हळू बोललेली बाई ही.

गेल्या रविवारी ताईंची सुट्टी होती. बदलीची बाई पाठवतो असं ब्युरोवाला सांगत राहिला आणि ती आलीच नाही. बायको भाचीच्या लग्नाला गेलेली. मी दोन-तीनदा आत डोकावलो, "आई, काही हवंय का?" "नको रे, तू तुझं कर." दुपारी पेपर घेऊन बाहेर बसलो होतो. आतून पंपाची घुरघुर आणि मग मध्येच स्टीलच्या पेल्यावर चमचा वाजला. एकदा. थांबून पुन्हा एकदा.

मी उठलो. कशासाठी वाजला असेल, ते आवाजावरून मला ओळखता येत नव्हतं.